कपाटातली लेन्स

आमच्या भागात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एकच बाई आहेत. सगळे त्यांना भिंगवाल्या बाई म्हणतात. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत त्या बसतात. टेबलावर पांढरा कागद, केसांवर घट्ट टोपी आणि दारावर पाटी : 'शिंकायचं असेल तर बाहेर.' ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं. आत गेल्यावर ते पळालं.

मी स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढतो. खुर्ची, पडदा, हनुवटी थोडी वर. या कामाला झूम लेन्स कशाला लागतेय! तरी आठ वर्षांपूर्वी आत्याने मला एक घेऊन दिली. आत्या फुटबॉलची पंच. "कधीतरी मैदानावर ये," एवढंच म्हणाली होती. मी ती लेन्स तळहाताच्या फोडासारखी जपली. चामड्याच्या पिशवीत घातली, पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, कपाटात ठेवून कुलूप लावलं. धूळ बसेल म्हणून मैदानावर एकदाही नेली नाही. शहाणाच की नाही मी!

मग आत्याची निवृत्ती आली. रविवारी तिचा शेवटचा सामना होता. गुरुवारी मी लेन्स काढून उजेडात धरली. आतल्या काचेवर बुरशीचं जाळं पसरलं होतं. आत्याचा मैदानावर पळतानाचा एकही फोटो घरात कुणाकडे नव्हता, आणि तो काढायची आता एकच संधी उरली होती.

"कुठे ठेवली होतीस?" लेन्स हातात घेत भिंगवाल्या बाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"आठ वर्षं कोंडून घातलीस बिचारीला."

"बाई, रविवारपर्यंत होईल ना?"

"आधी तोंड बंद कर. थुंकी उडते."

मी बघत राहिलो. निघालेला प्रत्येक स्क्रू त्या कागदावर ठेवायच्या, भोवती पेन्सिलीने गोल काढायच्या, शेजारी आकडा लिहायच्या. काच काढण्याआधी तिच्या कडेला बारीकशी खूण करायच्या, म्हणजे परत बसवताना ती होती तशीच बसावी. इतक्या निगुतीने काम करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"एक डाग राहणार," शनिवारी लेन्स देताना बाई म्हणाल्या. "बुरशीने काचेवरचा लेप खाल्लाय. फोटोत नाही दिसायचा. तुला दिसला तर बरंच आहे."

मी सवयीने काचेवर हाः केलं आणि शर्टाचं टोक ओढलं. बाईंनी हातावर फटका मारला. "आधी रबरी फुग्याने हवा मार, मग ब्रश, मग मऊ कापड. तेही मधून बाहेर. आणि आठवड्यातून एकदा तरी हिला बाहेर काढ. वापर रे!"

रविवारी आत्या मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला होती. पांढरे केस, तोंडात शिट्टी. मी लेन्सवरचं कडं फिरवलं आणि ती इतकी जवळ आली, की कपाळावरचा घामही दिसला. चेंडूकडे मी बघितलंच नाही. दोनशेवर फोटो काढले.

सामना संपल्यावर आत्या पायरीवर बसून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे बघत राहिली.

"मी अशी पळते होय?" ती म्हणाली. "तीस वर्षं पळतेय, कुणी दाखवलंच नाही रे. तुला लेन्स दिल्यापासून दर सामन्याला वर पायऱ्यांकडे बघायचे, तू आलायस का."

उशीर झाला, तरी वेळ निघून गेली नव्हती. ते केवळ बाईंमुळे, आणि हे मी जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी फोटो मोठा करून मी बाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावून आधी चारही कोपरे तपासले. मग फोटोतल्या आत्याकडे बघितलं, बराच वेळ.

"छान पळते," त्या म्हणाल्या.

मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "लेन्स कुठाय?"

"ही काय, गळ्यात."

"मग पोचले आभार."