बर्फ सुटेपर्यंत

"बर्फ सुटू दे, मगे बघू."

काकांचं हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालायचं. गावी कधी जाणार? बर्फ सुटू दे. दाढ दुखतेय तर डॉक्टरकडे का जात नाही? बर्फ सुटू दे. आणि हे कुठे, तर ओमानमधल्या सोहारमध्ये, जिथे एप्रिलमध्येच नळाचं थंड पाणी हात पोळतं. तुम्हीही ऐकून आधी हसला असतात.

ॲल्युमिनियमच्या कारखान्यात आम्ही एका शिफ्टला होतो. काका कुडाळकडचे, भट्टीवरचे फोरमन. पूर्वी तोंडाचे फार तिखट. इथल्या बाजारातली मासळी त्यांनी कधी पास केली नाही. "ह्यो बांगडो न्हय, बांगड्याचो चुलतभाव," असं म्हणून ती दोन वेळा चापून खायचे. नंतर नंतर ताटात पडेल ते खायला लागले. मासळीला नाव ठेवेनात, तेव्हा आम्ही घाबरलो.

त्यांचा मुलगा कॅनडात शिकायला होता. सप्टेंबरात मित्रांबरोबर पार उत्तरेला, युकॉन नदीवर होडी वल्हवायला गेला. होडी उलटली. मित्र काठाला लागले, तो लागला नाही. महिना-दीड महिन्यात नदी गोठली. तिथले पोलीस म्हणाले, आता बर्फ सुटल्यावर शोधू.

घरचे नातेवाईक काकांच्या मागे लागले होते. देह सापडत नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, क्रिया उरकायची. काकू तिकडे कुडाळला ठाम होत्या. "नदी काय सांगता ता आधी ऐकूया," एवढंच म्हणायच्या. म्हणून सगळं बर्फापाशी अडलं होतं.

चहाच्या सुट्टीत काका त्या नदीबद्दल बोलायचे. आवाज सपाट, नोटीस वाचून दाखवावी तसा. मधेमधे बेटं आहेत, लोक तंबू ठोकून राहतात. मूस नावाचं रेड्याएवढं हरीण पोहून नदी ओलांडतं. समुद्रातला रावसासारखा मासा अंडी घालायला पार वरपर्यंत चढतो, आणि अस्वलं त्याची वाट बघत काठाला उभी. उन्हाळ्यात रात्रसुद्धा नीट होत नाही. एवढं सांगून म्हणायचे, "ट्रिपेक जागा बरी असा." 

मुलाने पाठवलेला शेवटचा आवाज त्यांच्या फोनमध्ये होता. त्या पाण्यात हिमनद्यांची इतकी बारीक माती असते, की ती होडीच्या तळाला घासत जाते. त्याने फोन तळाशी धरला होता. "बाबा, ऐका." मग नुसती खरखर, रवा चाळल्यासारखी. काका ती ऐकायचे आणि फोन खिशात टाकून भट्टीकडे जायचे.

तिथल्या एका गावाने नदीवर कॅमेरा लावला होता. आमच्या सकाळच्या चहाला तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. पांढरी नदी आणि बर्फावर उभी केलेली एक लाकडी चौकट. तिला बांधलेली तार काठावरच्या घड्याळाला जोडलेली. बर्फ हलला की घड्याळ थांबतं, आणि तो दिवस कुठला याची गावकरी पैज लावतात.

एक दिवस काका म्हणाले, "हम भी लगाएँगे. हारनेवाला चाय पिलाएगा."

एकाने रिकामाच कप तोंडाला लावला. 

"बोलो रे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "मी एकट्यान कित्या बघू?"

मी एक तारीख सांगितली. मल्याळी फिटरने दुसरी. सालेम आमचा ओमानी ऑपरेटर, वयाने सगळ्यांत लहान. तो म्हणाला, "मंडे. इन्शाल्ला." त्या दिवसापासून सगळी शिफ्ट त्या नदीकडे बघायला लागली.

सोमवारीच झालं. सालेम स्क्रीनकडे बोट करून ओरडला, "काका, शूफ!" चौकट कलली. मग सगळी नदी एकसंध सरकायला लागली, अगदी सावकाश. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. मला काहीतरी वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. काका हात मांडीवर ठेवून बघत राहिले. पैज सालेमने जिंकली होती. चहाही त्यानेच पाजला.

जूनमध्ये पोलिसांचा फोन आला. बोटी फिरल्या, काही मिळालं नाही. ते पाणी सहसा माणूस परत देत नाही म्हणे, अंगावरच्या कपड्यांत माती भरते. काकांनी आम्हाला सांगितलं, "खलास," म्हणाले आणि हातमोजे चढवले. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. कुडाळला दर्भाचा पुतळा झाला, अग्नी झाला. राख तिथल्या नदीत सोडायला काकूंनी नकार दिला. त्या म्हणाल्या, तो युकॉनमध्ये आहे, राखही तिकडेच जाईल.

काका-काकू राख घेऊन कॅनडाला निघाल्याचं कानावर आलं होतं; ऑगस्टमध्ये शिफ्टच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला. फोटो नाही, मजकूर नाही, नुसता आवाज. आम्ही चहाच्या खोलीत होतो. मी फोन टेबलावर ठेवून लावला. आधी काका म्हणाले, "ऐका." पुढचं काही कळेना. एसी फार घरघरत होता.

बाहेर सोहारचा ऑगस्ट. सालेम उठला आणि त्याने एसी बंद केला.