टिकलीपर्यंत टकिला

१० ऑक्टोबर २००४, रविवार. मी लोणी कढवत होते आणि मुलगी सारखी घड्याळ बघत होती. तिच्या कंपनीतला एक इंजिनिअर पाच वाजता येणार होता. तिला त्याच्याशी लग्न करायचं होतं. माझा होकार तेवढा बाकी होता.

तो वेळेवर आला, याचाही मला संशय आला. हातात पेढे नाहीत, फुलं नाहीत. जाड काचेची, लाकडी बुचाची एक बाटली त्याने माझ्या नवऱ्यापुढे ठेवली.

"टकिला, काका. प्रोजेक्टसाठी मेक्सिकोला गेलो होतो, तेव्हा आणली. एज्ड आहे. तीन वर्षं ओकच्या पिंपात."

"मुरलेली म्हणा," मी म्हटलं. "लोणच्यासारखी."

शनिवार पेठेतल्या आमच्या घरी पहिल्या भेटीला दारू कोणी आणली नव्हती. नवरा बाटली उजेडात धरून असा बघत होता, जणू हातात नातच दिली.

"उघडा की," मी म्हणाले. मुलीने चमकून पाहिलं. मला त्याचा हात बघायचा होता. सराईत माणूस ओततानाच कळतो.

त्याने छोटे ग्लास मागितले. सरबताचे दिले. त्याने प्रत्येकात बोटभरही ओतली नाही. मीठ नको, लिंबू नको, एका घोटात तर मुळीच नको, असं समजावलं. "आधी वास घ्या, काकू."

वास घ्यायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. विकतच्या तुपाची परीक्षा करते तसा एक थेंब तळहातावर घेतला, हात चोळले आणि नाकाशी नेले. आधी नुसता स्पिरिटचा झणका. तो उडाल्यावर भाजलेलं रताळं, गूळ आणि नव्या कपाटाचा लाकडी वास.

"तिकडचे जुने लोकही असंच करतात!" तो म्हणाला. मला खूश करायला म्हणत असेल, असं मी धरून चालले.

मग जिभेवर घेतली. मऊ, जराशी गोड, गिळल्यावर घशात बराच वेळ ऊब. चांगली होती. त्यामुळे संशय वाढलाच. ज्याला एवढी चांगली कळते, त्याने वाईटही बरीच चाखलेली असणार.

"तुम्ही किती वेळा घेता?"

"आई!" मुलगी ओरडली. तो मात्र आठवू लागला. "महिन्यातून दोनदा. मित्र जमले तर तीनदा."

तो गेला तेव्हा त्याच्या ग्लासात निम्मी तशीच होती.

"बघ, नाटक," मी म्हटलं.

"अगं आई, संपवली असती तर दारुडा, ठेवली तर नाटकी. त्याने करायचं तरी काय?"

मी ग्लास गोळा केले. आधी पाहून गेलेल्या तिघांनी "किती वेळा घेता?" याला "छे छे, कधीच नाही" म्हटलं होतं, आणि त्यातल्या एकाच्या तोंडाला वेलदोड्याचा फार वास येत होता.

बाटली कपाटात ठेवताना मी आतल्या टकिलाच्या पातळीवर बाहेरून एक टिकली चिकटवली.

"अगं, ही जावयासाठी की माझ्यासाठी?" नवऱ्याने विचारलं.

"जावई अजून ठरलेला नाही. तुमच्यासाठी."

सकाळी दूध तापवायच्या आधी कपाट उघडलं. पातळी टिकलीला टेकून होती. मग त्या इंजिनिअरच्या आईला फोन लावला. "येत्या रविवारी सगळे जेवायलाच या," मी सांगितलं. "आणि येताना काही आणू नका. आहे घरात."