पहिल्या नंबराची पऱ्हाटी

आमच्या घरातली एकही वस्तू मी आजवर गमावलेली नाही. गमावणारे इतर होते. मी केवळ घटनास्थळी उपस्थित होतो.

हे आरंभीच नोंदवून ठेवणे भाग आहे. कारण माझे मेहुणे, शिंदखेड्याचे नाना, प्रत्येक लग्नाच्या पंगतीत पऱ्हाटीचा प्रसंग सांगतात आणि दर लग्नागणिक त्यात माझा मूर्खपणा वीतभर वाढवतात. मागच्या लग्नात तर त्यांनी मला धाय मोकलून रडवले! मी रडलो नव्हतो. माझ्या डोळ्यांत धूर गेला होता. धूर कशाचा होता, हा प्रश्न वेगळा, आणि तो यथावकाश येईलच.

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड. आमच्याकडे होती ती माझ्या वडिलांनी असोद्याच्या शेतात पिकवलेली, पुरुषभर उंचीची, मुळासकट उपटून वाळवलेली. (नाना ती सात फुटांची सांगतात. ती पावणेसहा फूट होती. मी मोजलेली आहे.) तालुक्याच्या शेतकी प्रदर्शनात तिचा नंबर आला होता. प्रदर्शनातून परतताना वडिलांनी वेशीवरूनच हाक दिली होती, "लंबर आला रे, लंबर आला!" आणि साऱ्या गावाने गूळ खाल्ला होता. प्रमाणपत्र पुढे वाळवीने खाल्ले. उरली ती पऱ्हाटी. तिच्या बुडख्याला प्रदर्शनातला, नंबराचा पत्र्याचा बिल्ला होता. त्यावर वडिलांनी धोतराची चिंधी गुंडाळून स्वतःच्या हाताने शिवून टाकली होती. जाताना ते मला एवढेच म्हणाले, "हे उसवू नको. लंबर आला, एवढं पुरे."

मी उसवले नाही. आज्ञाधारकपणा हा माझा दोष आहे.

आता, त्याच प्रदर्शनात माझ्या काकांचीही पऱ्हाटी होती. त्यांचा मुलगा भागवत असोद्यात राहतो. पहिला नंबर आपल्या बापाचा आणि दुसरा माझ्या, असे तो चारचौघांत सांगत असे. पुरावा? काही नाही! काकूंनी त्यांची पऱ्हाटी त्याच वर्षी चुलीत घातली होती. म्हणजे साऱ्या जगात माझ्या वडिलांच्या पहिल्या नंबराचा एकमेव साक्षीदार आमच्या जळगावच्या घरात, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात उभा होता. तो गेला असता तर वडिलांचा नंबर गेला असता. यात भावनेचा प्रश्न नव्हता. पुराव्याचा होता.

मग घरात रंगीत टीव्ही आला.

टीव्हीला कोपरा हवा होता, आणि कोपऱ्यात पऱ्हाटी होती. आमची मंडळी एरवी शुद्ध मराठी बोलतात. रागावल्या की माहेरच्या अहिराणीत जातात. त्या दिवशी त्या सकाळी सातलाच अहिराणीत गेल्या.

"हाई काडी घरमाईन बाहेर जाई, नहीतं मी शिंदखेडाले जासू!"

"काडी नव्हे ती. पुरावा आहे," मी म्हणालो.

"पुरावाले झुरळं व्हई ग्यात!"

नाना तेव्हा आमच्याकडेच मुक्कामी होते (टीव्ही आल्यापासून ते बहुधा आमच्याकडेच मुक्कामी असत). त्यांनी पऱ्हाटीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "दाजी, हाई काडी शे का देव शे? गच्चीवर लाईसन अँटेना बांधूत का?"

माझा संशय त्या क्षणी जागा झाला. बहीणभाऊ एकमेकांकडे ज्या नजरेने पाहत होते, ती नजर मी अव्वल कारकून म्हणून नोकरीत पुष्कळ पाहिली आहे. फाईल गहाळ होण्याआधी दोन कारकून एकमेकांकडे अगदी असेच पाहतात! पुढचे तीन दिवस मी पऱ्हाटीशेजारी खुर्ची टाकून बसलो. आंघोळीला जाताना काड्या मोजून जात असे, येऊन पुन्हा मोजत असे. दुसऱ्या दिवशी एक डहाळी कमी भरली. घरभर चौकशी केली. ती माझ्याच सदऱ्याला अडकलेली सापडली. पण ती तिथे कोणी अडकवली, याचा खुलासा आजतागायत झालेला नाही.

चौथ्या दिवशी मी निर्णय घेतला. पऱ्हाटी घरात सुरक्षित नव्हती. ती मी असोद्याला न्यायची ठरवली. कुठे? माझ्या वाट्याच्या शेतात, बांधावर, गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा सरपणासाठी रचलेला भलामोठा ढीग होता. हजार पऱ्हाट्यांत एक पऱ्हाटी! चोराने जन्मभर शोधावी! ही युक्ती सर्वस्वी माझी होती. नाना तिचे श्रेय स्वतःकडे घेत नाहीत, ही त्यांच्या कथनातली एकमेव सत्य बाब.

असोद्याच्या एस.टी.त कंडक्टरने तिला वर टपावर टाकायला सांगितले. मी नकार दिला.

"बाबा, सरपण मांडीवर घेऊन कोणी बसतं का?"

"हे सरपण नाही. हे माझे वडील आहेत," मी म्हणालो.

मला म्हणायचे होते, वडिलांचे आहे. पण गाडीत गर्दी होती आणि घाईत प्रत्यय राहून गेला. कंडक्टरने टोपी काढून मला खिडकीजवळची जागा करून दिली.

पऱ्हाटी मी ढिगात बुडखा आत आणि शेंडा बाहेर अशी खुपसली, शेंड्याला खुणेचा लाल दोरा बांधला आणि निर्धास्त झालो.

मार्गशीर्षात भागवतने भरिताचे आमंत्रण पाठवले. त्याचे शेत माझ्या शेताला लागून. आमच्याकडे भरिताची वांगी शेतातच पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, बडगीत म्हणजे लाकडी कुंड्यात ठेचतात, वर कांद्याची पात, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. गावातले सगळे वृद्ध जमणार होते, आणि मंडळी नि नानाही माझ्याबरोबर येणार होते. मी मनाशी बेत केला: जेवणे झाली की ढिगातून पऱ्हाटी काढायची, सर्वांसमक्ष चिंधी उसवायची आणि भागवतचे तोंड कायमचे बंद करायचे. वडिलांची आज्ञा एकदाच मोडणार होतो, त्यांच्याच नावासाठी.

दुपार कलली. वांगी मांडली, जाळ पेटला आणि अर्ध्यावरच पऱ्हाट्या संपल्या. भागवत सहज म्हणाला, "आबा, तुमच्या ढिगातल्या घेऊ का दोन कवळ्या?"

सहज! इतक्या ढिगांतून याला नेमका माझाच ढीग दिसावा?

"कोणीही हात लावायचा नाही! मी आणतो!"

आणि मी आणल्या. माझे हात ढिगात होते, नजर मात्र क्षणभरही भागवतवरून हलली नाही. तो पाणी प्यायला, मी पाहिले. त्याने शिंक दिली, मी पाहिले. तो माझ्याकडे पाहत नव्हता, हे तर फारच संशयास्पद होते. अशा मी चार कवळ्या वाहिल्या, तशाच भागवतकडे पाहत जाळावर टाकल्या, आणि चौथ्या खेपेला जाळ असा उसळला की म्हातारे मागे सरले.

"याला म्हणतात जाळ!" मी म्हणालो. "ही काडी पाहा कशी खणखणीत जळते. आजकालची नव्हे. जुन्या वाणाची असणार."

(हे वाक्य नाना माझ्या आवाजात सांगतात. आवाजाची नक्कल निकृष्ट आहे.)

भरीत अप्रतिम झाले. मी तीनदा घेतले. मग हात धुऊन ढिगाकडे गेलो. लाल दोरा नव्हता. शेंडा नव्हता. पऱ्हाटी नव्हती!

"भागवत!" मी गरजलो. "पुरावा कुठे आहे?"

"कशाचा पुरावा, आबा?"

"माझ्या वडिलांची पऱ्हाटी! तू चोरलीस!"

"मी कायले चोरू? मले काय करायचं तिचं?"

मी सर्वांना ओळीने बसवले. एकेकाची उलटतपासणी सुरू केली. मंडळींना विचारले, तर त्या पुरी मोडत म्हणाल्या, "मी घरात होते तेव्हा माझ्यावर संशय, आता भागवतभाऊंवर. तुमचा स्वतःवर कधी नसतो का हो?" इतक्यात राखेत राहिलेले वांगे उकरणारे नाना ओरडले, "दाजी! वांगानं बिल्ला गिळी लिधा!"

करपलेल्या सालाला पत्र्याचा बिल्ला चिकटला होता. चिंधी जळून गेली होती आणि आगीने पत्रा घासल्यासारखा स्वच्छ झाला होता.

"तुमीनच टाकी ना, दाजी," नाना हळूच म्हणाले. धूर माझ्या डोळ्यांत गेला तो याच वेळी.

नानांनी बिल्ला धोतराला पुसून भागवतच्या हातात दिला. त्यावर ठोकून काढलेला आकडा होता. दोन.

भागवतने तो बिल्ला माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आबा. मोठ्या काकाची काडी माह्या बापापेक्षा उंच व्हती, हे माह्या बापानंच सांगतलं मले."

एखाद्याने इतका उदारपणा करावा, याचा मला आजही संशय आहे. मी तिथल्या तिथे आक्षेप नोंदवला: हा नंबर नव्हेच, हा प्रदर्शनातला अनुक्रमांक! म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पोट भरलेली माणसे कशालाही माना डोलावतात.

रात्री घरी आलो तेव्हा, पऱ्हाटी परत येणार म्हणून मी टीव्हीला न दिलेला कोपरा रिकामाच होता. वडिलांनी "लंबर आला" म्हटले होते. कितवा, ते कधीच म्हटले नव्हते. 'पहिला' हा शब्द आम्ही जोडला होता. कोणी जोडला, याविषयी मतभेद आहेत. नाना माझे नाव घेतात.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात टीव्ही बसला. बिल्ला आता टीव्हीवरच असतो. परवा धूळ पुसताना सुनेने तो उचलला आणि विचारले, "आबा, हे चिंधीत काय शिवून ठेवलंय?"

"उसवू नकोस," मी म्हणालो. "नंबर आला होता, एवढे पुरे."

वडिलांची शेती मला जमली नाही. टाका मात्र हुबेहूब त्यांच्यासारखा पडला आहे.