अर्जाखालचे अंगठे

“मी अंगठा दाबला नं, तवाच मोठ्यानं सांगितलं, पहाटची गाडी ऱ्हाऊ दे. कागदानं ऐकलंय सगळं.”

आमच्या मागच्या दारी पळसाच्या पानांचा भारा उतरवताना पानवाली सोबतिणीला सांगत होती. सोबतीण म्हणाली, “मी तं दोनदा बोलले. येकदा हळू, येकदा मोठ्यानं. कागुद बहिरा आसला तं?” दोघी खळखळून हसल्या.

मी आत तांदूळ निवडत होते. माझा हात थांबला. तो कागद मी लिहिला होता. पहाटेची गाडी तासभर उशिरा सोडावी, अशी त्यात नम्र विनंती होती.

कर्जतला विजेची गाडी सुरू झाली तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक होऊन मुंबईहून, मावशीच्या घरून परत आले होते. त्याआधी घाट चढायला गाडीला मागून जोर देणारी कोळशाची इंजिनं कर्जतलाच जोडत. त्यांच्या धुराने आमच्या दोरीवर वाळणारं कुठलंही धोतर शेवटपर्यंत पांढरं राहत नसे. वीज आली आणि धूर गेला. आईने त्या उन्हाळ्यात अंगणभर कुरडया घातल्या. ‘एकीवर तरी काळा ठिपका दाखवा,’ असं म्हणत तिने त्या आळीतल्या सगळ्यांना दाखवल्या. रेल्वेबद्दल तिचं मत तेव्हापासून फार चांगलं झालं.

पुरुषांचा आनंद निराळा होता. माझे वडील डॉक्टर. संध्याकाळी दवाखाना आवरला की आमच्या ओटीवर मुंबईला कचेरीत जाणारी मंडळी जमत. त्यांचे पुढारी वकीलकाका. गाडी आता लवकर पोचते, तर कोंबड्याच्या आधी उठायचं कशाला, असा त्यांचा सवाल होता. रेल्वेने कळवलं होतं की सकाळी मुंबईकडे एकच गाडी देता येईल. तिची वेळ ठरवण्याआधी मोठे साहेब स्वतः येऊन लोकांचं म्हणणं ऐकतील.

“अहो, त्या पहाटेच्या गाडीला असतं तरी कोण?” वकीलकाका म्हणाले. “डोक्यावर भारे घेतलेल्या ठाकरणी!”

“आणि तुमचे सासरे,” बाबा म्हणाले. “दर खेपेला येतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने पळतात.”

ओटीवर हशा पिकला. वकीलकाकाही हसले, मग घसा खाकरून मला इंग्रजी मजकूर सांगू लागले. माझं अक्षर शाळेत घोटून घेतलेलं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. ‘कर्जत आणि आसपासच्या सर्व प्रवाशांची एकमुखाने विनंती’ असं त्यांनी सांगितलं, आणि मी ते सुरेख वळणाने लिहिलं. खाली सह्या झाल्या. त्या फारच थोड्या दिसल्या. “अर्जाला वजन पाहिजे,” वकीलकाका म्हणाले. कोर्टात त्यांनी हेच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते शाईचा पॅड घेऊन स्टेशनावर गेले. मुंबईहून परतलेल्या बायकांना त्यांनी एवढंच सांगितलं, की गाडीसाठी अर्ज आहे. बायकांनी रांगेने अंगठे उमटवले आणि शाई केसांना पुसली. त्यात फसवाफसवी होती असं मला आजही वाटत नाही. वकीलकाकांच्या मनात एकच गाडी होती, ती त्यांची स्वतःची.

पण अंगठा उमटवताना प्रत्येक बाईने आपलं म्हणणं कागदाला तोंडाने सांगितलं होतं, हे मला त्या दिवशी मागच्या दारी कळलं. त्यांचं ते बरोबरच होतं. अंगठा म्हणजे शब्द, मग तो देताना बोलायला नको? कशेळ्याच्या पलीकडच्या वाड्यांमधून त्या चूड पेटवून निघत आणि उजाडायच्या आत स्टेशन गाठत. मुंबईत खानावळवाले सकाळीच पानं घेऊन मोकळे होत. तासभर उशीर झाला, की भारा शेळ्यांपुढे टाकायचा.

त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, “बाबा, तो अर्ज...”

“झकास उतरलाय हो. वकील तर म्हणत होता, पोरीला कचेरीत बसवा.”

मी खाली मान घालून नको असलेला भात आणखी वाढून घेतला.

पानवाली पुन्हा आली तेव्हा मी धीर करून मागच्या दारी गेले आणि खांबाला धरून उभी राहिले.

“काय गं बाय? पानं कमी हायत का?”

“नाही. पुरेत.”

“मंग?”

“काही नाही.”

ती आईला हाक मारून म्हणाली, “वयनी, लेक तुमची इंग्रजी शिकली न् मराठी इसरली गं!” आई हसली. मीही हसले, आणि आत जाऊन स्वतःवरच चिडले.

साहेब आले त्या दिवशी स्टेशनाला आंब्याच्या डहाळ्यांची तोरणं बांधली होती. सोबत मडमबाई असल्यामुळे त्यांच्याशी बोलायला मला नेलं. वेटिंगरूममध्ये मी त्यांच्या शेजारी खुर्चीच्या काठावर बसले आणि कुरडया कशा करतात ते सांगितलं. दाराबाहेर पानवाल्या बायका दाटीने उभ्या होत्या. त्या मुद्दाम मुंबईहून लवकर परतल्या होत्या.

वकीलकाकांनी अर्ज दिला. साहेबांनी वाचला, खाली अंगठे पाहिले आणि भुवया उंचावल्या.

“या सगळ्या बायका कचेरीत जातात?”

“नाही साहेब, बाजारात.”

“आणि त्यांना बाजारात उशिरा पोचायचंय?”

वकीलकाकांनी क्षणभर छताकडे पाहिलं. “पहाटे उठण्याचा त्रास त्यांनाही होतोच, साहेब.”

मडमबाईंना ते पटलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बिचाऱ्या!” साहेबांनी खिशातून पेन काढलं. बाहेर पानवालीने कागद ओळखला. तिने मान उंच केली, सोबतिणीला कोपर मारलं आणि मला दिसावा म्हणून आपला अंगठा वर करून दाखवला. तिचं तोंड भरून हसू होतं. आता साहेब तिचा शब्द वाचतोय, अशा खात्रीने ती हसत होती.

मी उठले तेव्हा माझी खुर्ची करकरली. सगळे माझ्याकडे बघू लागले. बाबांनी काय झालं म्हणून खुणेने विचारलं. कुरडयांसाठी पुरलेलं इंग्रजी एकाएकी कुठे गेलं कोण जाणे. साहेब पेन उघडून थांबले होते. मग शब्द आले, अगदी साधे, शाळेतल्या पहिल्या इयत्तेचे.

“साहेब, वरचं मी लिहिलं आहे. खालचे अंगठे यांचे आहेत, आणि यांना पहाटेचीच गाडी हवी आहे. वर काय लिहिलंय ते यांना कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.”