राजय्यांची न घेतलेली गोळी

सलाइन लावलं होतं, केमोची व्हायल अजून फोडली नव्हती. डोसआधी नर्सने विचारायचे प्रश्न मी नेहमीच्या क्रमाने विचारत होते. फॉलिक ॲसिडच्या गोळीपाशी राजय्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

राजय्या हैदराबादच्या कुकटपल्लीचे. नोकरी सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात झाली. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ छातीत जाते आणि कित्येक वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाला कॅन्सर होऊ शकतो. क्वचितच होतो, राजय्यांना झाला. त्यावरचं नवं औषध तेव्हा नुकतंच आमच्याकडे येऊ लागलं होतं. ते पेशींना फॉलिक ॲसिड वापरू देत नाही. यात चांगल्या पेशीही भरडल्या जातात, म्हणून आठवडाभर आधीपासून रोज ती गोळी आणि एक बी-ट्वेल्वचं इंजेक्शन. नाहीतर तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस इन्फेक्शनने जाऊ शकतो.

"इंजेक्शन लिया, अम्मा. गोली नहीं खाया."

"क्यों?"

"मेडिकलवाला हँसा. बोला, ये तो पेट से हैं सो औरतां खाते. चार लोगां खड़े थे."

मुलगा श्रीनिवास कपाळाला हात लावून उभा राहिला. तो दुबईत नोकरीला, परवाची फ्लाइट. "मॅडम, आजिच लगा दो. मैं गया तो इनको लाते कौन?"

प्रश्न रास्त होता. राजय्यांना बसल्या जागी धाप लागत होती. आठवडा थांबणंही धोक्याचंच. कॉट ते डॉक्टरांची केबिन, माझ्या फेऱ्या चालू होत्या.

"पांढऱ्या पेशींचा काउंट तर चांगला आहे," सर म्हणाले.

"आजचा चांगला आहे, सर. डोसनंतरचा कुणी पाहिलाय?"

"मुलगा भांडेल."

"भांडतोच आहे."

सरांनी डोस आठवडाभर पुढे ढकलला. श्रीनिवास रागारागाने फाइल गोळा करू लागला. तरी राजय्यांना आणायला त्यांच्या शेजारच्या ऑटोवाल्याचा नंबर मी त्याच्याकडून लिहून घेतला. मग रोज सकाळी राजय्यांना फोन. "खाया, अम्मा, खाया," ते वैतागून म्हणायचे. आठवड्याने ते त्या ऑटोतून आले. रक्त तपासलं, डोस दिला, आणि पुढची तपासणी येईपर्यंत मला चैन पडेना. काउंट टिकला.

कॅन्सर बरा झाला नाही. काही महिने थांबला, धाप कमी झाली. श्रीनिवास पुढच्या सुट्टीत आला तेव्हा दार राजय्यांनीच उघडलं.

पेशंटने गोळी घेतली का, एवढं विचारून भागत नाही. ती घेताना त्याला कोण हसलं, हेही विचारावं लागतं.