औषधाचा घास

सोमवारी माझी पत्नी गेली. तेव्हापासून नाशिकच्या दवाखान्यात भेटलेली देवळ्याकडची एक बाई आठवते. तिचं नाव मी विचारलं नव्हतं.

केमोनंतर तिच्या नवऱ्याला आणि माझ्या पत्नीला प्रतिकारशक्तीसाठी पेप्टाइडची इंजेक्शनं चालू होती. दोघांचेही दंड काळेनिळे पडले, तेव्हा डॉक्टरांनी तेच औषध तोंडाने घ्यायला दिलं. "पोटात बरंचसं पचून जातं, इंजेक्शनाइतका भरवसा नाही," असंही सांगितलं. मला ती माघार वाटली.

ती बाई मात्र हात धुऊन आली, पदराला पुसले आणि कॅप्सूल घासासारखी नवऱ्याच्या ओठांशी धरली.

"नाव घेतल्याबिगर तोंड उघडणार नाय," तो म्हणाला.

"लग्नात घेतलं तेवढं पुरे नाय का?" असं म्हणत तिने त्याच्या कानाशी वाकून नाव घेतलं. त्याने तोंड उघडलं.

मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, सुई नर्सबाईच्या हातची होती. हे आपल्या हातचं हाय."

त्या दिवसापासून रोज सकाळी हात धुऊन पत्नीला कॅप्सूल मीच भरवली. गुण आला नाही.

आता औषध संपलं आहे. सकाळी उठल्यावर आधी हात धुण्याची सवय राहिली आहे.