पोलादपूरचा फोन

दिनू गेल्याची बातमी मला व्यापाऱ्यांच्या त्याच ग्रुपवर मिळाली, ज्यातून त्याला दोन पावसाळ्यांपूर्वी काढून टाकलं होतं. सकाळी दुकान उघडून बियाण्यांची पाकिटं लावत होतो. फोन सारखा वाजायला लागला म्हणून पाहिलं, तर हात जोडलेल्या चित्रांची रांग आणि वर दिनूचा हसरा फोटो... 'महाडच्या बाजारपेठेचा आधारवड हरपला.' ज्याने हे लिहिलं त्यानेच पुरानंतर दिनूच्या दुकानासमोर उभं राहून त्याचा उद्धार केला होता, तो मी माझ्या कानांनी ऐकलाय. मी फोन पालथा ठेवला. रडू आलं नाही, राग आला. आणि खरं सांगायचं तर त्यातला थोडा दिनूवरही होता. महिना उलटला तरी तो पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमची ओळख महाडच्या कॉलेजातली. मी पोलादपूरहून एसटीने येणारा, तो बाजारपेठेतला. त्याच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, आमचं बी-बियाण्यांचं. पण दोन्ही घरांचं नातं त्याआधीचं, पावसाने जोडलेलं. सावित्री आधी आमच्याकडे चढते आणि मग खाली महाडच्या पेठेत शिरते. त्यात बाणकोटच्या खाडीला भरती असली तर पाण्याला जायला वाटच राहत नाही. म्हणून पोलादपुरात नदी फुगू लागली की इथल्या व्यापाऱ्याने महाडच्या आपल्या माणसाला फोन करायचा, अशी रीत होती. माझे वडील दिनूच्या वडिलांना करायचे. 'पाणी चढतंय,' एवढंच. तिकडे ते रस्त्यावर येऊन हाक द्यायचे आणि सगळी पेठ माल माळ्यावर चढवायला लागायची. महाडच्या जुन्या दुकानांना माळा असायचा तो याचसाठी. पुढे हे काम आमच्याकडे आलं. कधी फोन फुकट जायचा, पाणी यायचंच नाही. मग दुसऱ्या दिवशी दिनू करवादायचा, "काय रे, नुसताच घाबरवतोस! पोती उचलून कंबर मोडली माझी." मी म्हणायचो, "मग नको करू?" तर लगेच, "कर रे बाबा, कर. कंबर काय, चोळली की बरी होते."

नव्या गोष्टींचं त्याला भारी वेड. पेठेत संगणकावर बिल पहिल्यांदा त्याने काढलं. बिरवाडीत कारखान्यांच्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उठायला लागल्या, तेव्हा मोबाईलवर फोटो मागवून नळ-पाइप घरपोच देणारा हाच पहिला. शेजारचे हसले आणि वर्षभरात तेच करू लागले. धंदा बदलतो तो आधी ओळखायचा, आणि आपल्यापुरता ठेवायचा नाही, सगळ्यांना ओढत न्यायचा. त्यामुळे एका सरकारी खात्याने आणि एका कंपनीने मिळून नदीवर पाणी मोजणारं यंत्र बसवायचं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांच्या समितीचा अध्यक्ष दिनू झाला यात नवल नव्हतं. यंत्र वर नदीत, स्क्रीन दिनूच्या दुकानात. हिरवा रंग म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे माल उचला; आणि त्याच वेळी प्रत्येकाच्या मोबाईलवर संदेश. दिनूने दुकान-दुकान फिरून लोकांची नावं नोंदवली. मग त्याने स्वतःच्या दुकानातला माळा काढून टाकला. दुकानाला उंची आली, टाइल्स मांडायला भिंती मिळाल्या, गिऱ्हाईक वाढलं. ते बघून बाकीच्यांनीही माळे काढले. नवं दुकान दाखवताना माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "आता तुझ्या फोनची गरज नाय रे. तू निवांत झोप." प्रेमानेच म्हणाला. मला लागलं ते लागलंच, पण यंत्र सुरुवातीला खरोखर चोख चाललं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मीही चार लोकांत त्याचं कौतुक केलं.

त्या दिवशी सकाळपासून डोंगर दिसत नव्हते. दुपारी मी नदीवर जाऊन आलो. पाण्याचा रंग आणि आवाज दोन्ही बदलले होते. दुकानात परत येऊन दिनूला फोन लावला. म्हटलं, "दिनू, पाणी चढतंय. भरतीची वेळ आहे. हाक दे."

"बघतो," म्हणाला आणि ठेवला. थोड्या वेळाने मीच पुन्हा केला. या वेळी त्याचा आवाज वेगळाच होता, कोणी वाचून दाखवावं तसा. "स्क्रीन हिरवी हाय रे."

"चुलीत घाल ती स्क्रीन! मी नदी बघून बोलतोय."

"हिरवी हाय..." तो पुन्हा म्हणाला आणि फोन बंद झाला. संध्याकाळच्या आत पाणी पेठेत होतं. माल चढवायला माळेच नव्हते.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. चिखल, कुजलेल्या धान्याचा वास, रस्त्यावर वाळत घातलेली कापडाची ठाणं. यंत्राच्या देखभालीचा करार कधीच संपला होता, कोणी तो पुढे चालवला नव्हता, आणि ते शेवटचा आकडा धरून हिरवं दाखवत बसलं होतं. खात्याने सांगितलं, प्रकल्प प्रायोगिक होता, त्याच्यावर विसंबा असं आम्ही कुठे म्हटलं? कंपनीचा फोन लागेना. फीत कापणारे साहेब बदलून गेले. हाताशी सापडणारा एकटा दिनू उरला, मग सगळ्यांनी त्यालाच धरलं. मी माणसं घेऊन चिखल काढायला गेलो, दुकान धुतलं, त्याच्याबरोबर जेवलो. निघताना विचारलं, "माझं का नाही ऐकलंस?" त्याने मान वर केली नाही. "राहू दे रे," एवढंच. मग ते राहूनच गेलं. नंतर आम्ही भेटलो, लग्नकार्यात शेजारी बसलो, पण बोललो ते हवापाण्याचं. त्यातही पाण्याचं टाळूनच.

शोकसभा चवदार तळ्याजवळच्या एका हॉलमध्ये झाली. भाषणं करणाऱ्यांत त्याला ग्रुपमधून काढणारे होते, त्याच्याकडून माल घेणं बंद करणारे होते. खात्याचा नवा साहेब फूल वाहून माईकपाशी गेला आणि म्हणाला, नवं, अधिक अत्याधुनिक यंत्र मंजूर झालंय, आणि त्या योजनेला 'दिनकरभाऊंचं' नाव देणार. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी उभा राहून विचारलं, "देखभाल कोण करणार?" सभेचे अध्यक्ष हळूच म्हणाले, "भाऊ, आज नको हा विषय. प्रसंग बघा." मी खाली बसलो. ज्या गोष्टीने माणूस खचला त्याच गोष्टीवर त्याचं नाव घालणार, आणि वर आपणच उपकार केल्यासारखे चेहरे.

तिथून तडक दिनूच्या घरी गेलो. घर दुकानावरच. वहिनींनी चहा ठेवला आणि माझा बांध फुटला. म्हटलं, "वहिनी, उभ्या आयुष्याची मैत्री, आणि त्याने विश्वास ठेवला तो त्या डब्यावर."

"कोण म्हणालं तुम्हाला?" वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "भावोजी, तुमचा पहिला फोन आला तसे ते उठले होते. चपला घातल्या हाक द्यायला. मग वाटलं, आपण अध्यक्ष, आधी खात्याच्या साहेबांच्या कानावर घालावं. त्यांना फोन लावला. साहेब म्हणाले, स्क्रीन हिरवी असताना अफवा पसरवलीत, पेठ घाबरवलीत, तर गुन्हा दाखल करू तुमच्यावर. मग बसले. मी म्हटलं, आपला तरी माल वर आणू या. तर म्हणाले, आपला उचलला तर सगळ्यांना कळेल. एक खोकं उचललं नाय हो."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, सांगा. तर म्हणाले, तो माफ करून टाकील. ते मला सोसणार नाय."

इतके दिवस मी समजत होतो की त्याला माझं पटलं नव्हतं. त्या समजुतीवर राग धरून जगता येत होतं. पटलं होतं त्याला. पाणी येणार हे ठाऊक असून सगळ्या पेठेसकट स्वतःला बुडू दिलं, एका साहेबाच्या शब्दाखातर... दिनू, माफ करायचं की नाही ते मला ठरवू तरी द्यायचं होतंस.

वहिनी म्हणाल्या, "यंदा पाणी चढलं की फोन करा. दुकानाच्याच नंबरावर. मी उचलीन. आणि कोणाला विचारायला जाणार नाय."

"करीन," म्हटलं आणि जिना उतरून दुकानात आलो. दाराशी प्लास्टिकची खुर्ची होती, रस्त्याकडे तोंड करून. वहिनी वरून म्हणाल्या, "तिथेच बसले होते, चपला घालून." मी त्या खुर्चीवर बसलो. समोरचा कापडवाला शटर ओढत होता. त्याच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाजसुद्धा मला ऐकू येत होता. इथून, बसल्या जागेवरून, नुसता आवाज चढवला असता तरी त्याला ऐकू गेलं असतं.